‘जर्नीमन’ ही संज्ञा आणि सेबास्त्यान अब्रेऊ

जो व्यावसायिक फुटबॉलपटू एका क्लबात फार काळ स्थिर न होता अनेक क्लबांतून खेळतो, त्यास इंग्रजी क्रीडालेखनात ‘जर्नीमन’ म्हणतात. या शब्दात प्रवासवाचक ‘जर्नी’ स्पष्ट ऐकू येत असल्यामुळे ‘भटक्या’ हाच त्याचा अर्थ समजला जातो. व्युत्पत्ती मात्र निराळी आहे. शब्दाच्या मुळाशी असलेल्या फ्रेंच ‘जुर्ने’चा अर्थ दिवस किंवा दिवसभराचे काम असा होतो. उमेदवारी पुरी केलेला, परंतु स्वतःचे दुकान नसल्याने दुसऱ्याकडे रोजाने काम करणारा कुशल कारागीर, तो जर्नीमन. मराठीतील ‘रोजंदार’ या शब्दाची घडण अशीच आहे. त्यातील फारसी ‘रोज’ही दिवसवाचकच होय. भेद एवढाच की, रोजंदार म्हणताना कौशल्य अभिप्रेत नसते, जर्नीमन म्हणताना ते गृहीत असते.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. भटकणे हा स्वभाव ठरतो. रोजंदारी ही व्यवस्था असते. उरुग्वेचा आघाडीचा खेळाडू सेबास्त्यान अब्रेऊ याच्या कारकीर्दीवरून हे स्पष्ट होईल.

अब्रेऊचा जन्म 1976 साली मिनास येथे झाला. माँतेविदेओच्या देफेन्सोर स्पोर्तिंगमधून आरंभ करून, अर्जेंटिनातील सान लोरेन्सोमार्गे तो 1998 मध्ये स्पेनच्या देपोर्तिव्हो ला कोरुन्याकडे गेला. तेथे त्याचा जम बसला नाही. त्यानंतर कित्येक वर्षे करार देपोर्तिव्होशी आणि खेळणे मात्र ब्राझील, मेक्सिको, अर्जेंटिना वा उरुग्वे येथील क्लबांसाठी, असा क्रम चालला. क्लबाने आपला खेळाडू ठरावीक मुदतीपुरता दुसऱ्यास उसना देण्याची ही प्रथा होय. शिवाय मेक्सिको व अर्जेंटिना येथे त्या काळी वर्षात दोन स्वतंत्र विजेतेपदे लढवली जात. साहजिकच कित्येक नेमणुका सहा महिन्यांच्या असत. गोल हवे असलेला संघ उंच, हेडिंगमध्ये निष्णात असा आघाडीपटू तेवढ्यापुरता आणी. 2017 च्या अखेरीस चिलीतील औदाक्स इतालियानो या सव्विसाव्या क्लबाशी त्याने करार केला आणि सर्वाधिक क्लबांतून खेळण्याचा गिनीज विक्रम त्याच्या नावे झाला. 2021 मध्ये, वयाच्या 44 व्या वर्षी, तो निवृत्त झाला.

‘एल लोको’, म्हणजे वेडा, हे त्याचे टोपणनाव वरील लोकसमजुतीस पोषकच ठरले. परंतु 2 जुलै 2010 रोजी जोहान्सबर्ग येथे, विश्वचषकाच्या उपान्त्यपूर्व सामन्यात, घानाविरुद्ध निर्णायक पेनल्टी घेण्याचे काम त्याच्याकडेच आले. गोलरक्षक एका बाजूस झेपावला आणि अब्रेऊने चेंडू हलकेच उचलून मध्यभागी सोडला. चेकोस्लोव्हाकियाच्या पानेन्काने 1976 मध्ये बेलग्रेड येथे रूढ केलेला हा फटका. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बोताफोगोकडून फ्लामेंगोविरुद्धच्या अंतिम सामन्यातही अब्रेऊने तो वापरला होता. अर्थात, ज्यास अनेकांनी वेडेपणा म्हटले, ते वस्तुतः हाताखालचे, पारखलेले कसब होते.

म्हणून या संज्ञेस मराठी पर्याय योजताना ‘भटक्या’ टाळावा. ‘रोजंदार कसबी’ हा शब्दप्रयोग काहीसा जड वाटला, तरी तो मूळ अर्थाच्या अधिक निकट आहे. आणि वारंवार क्लब बदलण्याचा दोष तो एकट्या खेळाडूच्या माथी मारीत नाही.