डोळ्यांपुढचे बुरूज

फळ्यावर मी ‘समांतर रेषा’ असे लिहिले आणि वळून वाचायला गेले, तर ‘रेषा’ शब्दच दिसेना. पुसला गेला म्हणावे, तर मुले तो वहीत उतरवून घेत होती. पहिल्या बाकावरच्या मुलाकडे पाहिले, तर त्याचा अर्धा चेहरा गायब! मग त्या रिकाम्या जागेच्या कडेला एक ठिपका लखलखू लागला. वाढता वाढता त्याची करवतीच्या दात्यांसारखी चकाकती कमान झाली आणि ती डावीकडे सरकू लागली. ‘उदाहरणे सोडवा’ म्हणून मी खुर्चीत बसले. मनात एकच विचार होता, आपली दृष्टी चालली. वीस-पंचवीस मिनिटांनी कमान नजरेबाहेर गेली, फळा पूर्ववत दिसू लागला आणि उजव्या कानशिलात घण पडू लागले.

या गोष्टीला पंधरा-सोळा वर्षे झाली. नोकरीच्या भीतीने मी ती बरेच दिवस कोणाला सांगितली नाही. चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. नेत्रतज्ज्ञांनी थेंब घालून डोळ्यांचे पडदे तपासले आणि डोळे उत्तम असल्याचा निर्वाळा दिला. शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खाल्ली. वजन तेवढे वाढले. सासूबाईंनी सुंठ उगाळून लेप लावला. एका नातेवाइकांनी तर ‘कामाचा कंटाळा’ असे निदानही करून टाकले.

शेवटी एका मेंदूविकारतज्ज्ञांनी विचारले, ‘‘तेव्हा एकेक डोळा झाकून पाहिलात का?’’ पुढच्या वेळी पाहिले. कोणताही डोळा झाकला तरी कमान आपली जागच्या जागी! म्हणजे खोड डोळ्यांत नव्हती, डोक्याच्या मागच्या बाजूला मेंदूचा जो भाग ‘पाहतो’ तिथे होती. ही अर्धशिशीच. सुश्रुतसंहितेत ‘अर्धावभेदक’ म्हणून जिचा उल्लेख आहे, ती. फक्त दुखण्याआधी डोळ्यांपुढे वर्दी देणारी. या वर्दीला डॉक्टर ‘ऑरा’ म्हणतात. काहींना नुसता ऑरा येतो, डोके दुखतच नाही.

मग मी वाचू लागले. ह्यूबर्ट एअरी या इंग्रज डॉक्टरने 1870 मध्ये स्वतःला दिसणाऱ्या या कमानींची चित्रे प्रसिद्ध केली होती. त्याला त्या तटबंदीच्या बुरुजांसारख्या वाटल्या. त्याचे वडील, खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी, यांनाही त्या दिसत. 1941 मध्ये कार्ल लॅशली या मानसशास्त्रज्ञाने आपल्याच कमानीचा वेग मोजून हिशेब मांडला, की मेंदूच्या पृष्ठभागावरून काहीतरी मिनिटाला सुमारे 3 मिलिमीटर या गतीने सरकत असावे. 1944 मध्ये लेआँव या ब्राझिलच्या शास्त्रज्ञाने सशाच्या मेंदूत अशीच संथ लाट नोंदवली. जे सरकते ते निघूनही जाते, एवढ्या विचारानेच मला गोळीइतका आराम पडला.

डॉक्टरांनी एक वही ठेवायला सांगितली. तीन महिन्यांत तिने आमचे गुपित फोडले: पेपर तपासताना केलेली जागरणे, दुपारचे रणरणते ऊन आणि संकष्टीला चंद्रोदयापर्यंतचा कडकडीत उपास. उपासाचे सासूबाईंना कसे सांगावे, हा प्रश्न होता. त्याच म्हणाल्या, ‘‘तुझं डोकं दुखवून गणपतीला काय मिळणार? वेळच्या वेळी फळं खात जा.’’ दम्याची चौकशी करून डॉक्टरांनी काही महिने प्रोप्रॅनोलॉल दिले. वेदनाशामक गोळी दुखणे सुरू होताच घ्यायची, पण मोजून. महिन्यातले दहा-पंधरा दिवस घेतली तर गोळीच डोकेदुखी होऊन बसते. महिन्याला तीनदा येणारी पाहुणी आता दोन महिन्यांतून एकदा येते. पुरती गेलेली नाही. ती आली की स्कूटर बाजूला लावते आणि वाट पाहते.

मात्र प्रत्येक चकाकी अर्धशिशीची नसते. पन्नाशीनंतर प्रथमच असे दिसले, एकाच डोळ्याला दिसले, तासाहून अधिक टिकले किंवा हातपाय लुळे पडले, जीभ अडखळली, तर घरगुती उपाय करत बसू नये. तडक इस्पितळ गाठावे. ऑरा येणाऱ्या स्त्रियांनी गर्भनिरोधक गोळ्या घेण्यापूर्वी डॉक्टरांना तो सांगावा. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो.

माझी आई महिन्यातून एकदा डोक्याला पदर घट्ट बांधून अंधाऱ्या खोलीत पडून राही. ‘आईचं डोकं’ म्हणून आम्ही बाहेर खेळायला जात असू. तुला काही दिसतं का, असे कोणी तिला कधी विचारले नाही. आता विचारायला ती नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझी तेरा वर्षांची लेक पुस्तक घेऊन आली. ‘‘आई, अक्षरं चमकतायत, आणि मधली दिसतच नाहीयेत.’’ ‘कमी वाचत जा’ हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते. ते गिळले. पडदा ओढला, तिला पाणी दिले आणि एकेक डोळा झाकून पाहायला सांगितले. दोन्हीकडून तेच. उद्या डॉक्टरांकडे जाऊ म्हटले आणि मनगटावरचे घड्याळ काढून तिच्या हातात दिले. ‘‘साधारण वीस मिनिटं. मी इथंच आहे.’’

बाविसाव्या मिनिटाला ती म्हणाली, ‘‘गेलं.’’