एनॅमलच्या डब्यांचा संग्रह

तांब्याच्या पातळ पत्र्यावर एनॅमलाचा काचसदृश थर भाजून व त्यावर चित्रे काढून तयार केलेल्या लहान शोभिवंत डब्या जमविण्याचा छंद. अशा डब्या यूरोपातील अनेक देशांत होत असत. तथापि संग्राहकांचा ओढा मुख्यत्वे इंग्लंडमधील डब्यांकडे आहे. त्या अठराव्या शतकाच्या मध्यापासून एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत निर्माण झाल्या. भारतीय मीनाकारीशी त्यांचे नाते असले, तरी तंत्र भिन्न आहे. जयपूरच्या मीनाकामात सोने वा चांदी कोरून त्या खळग्यांत रंग भरतात व धातू दिसू देतात. इंग्लिश डबीत तांबे एनॅमलाखाली संपूर्ण झाकले जाते व चित्र त्या पांढऱ्या भूमीवर येते.

या डब्या मूलतः वापराच्या वस्तू होत्या. तपकिरीची डबी हा त्यांतील प्रमुख प्रकार. चेहऱ्यावर लावावयाच्या काळ्या रेशमी टिकल्या ठेवण्याच्या डबीत झाकणाच्या आतील बाजूस आरसा असे. मुखशुद्धीच्या साखरी गोळ्यांसाठी पक्षी व प्राणी यांच्या आकाराच्या डब्या करीत. सहलीला गेलेल्याने आप्तेष्टांसाठी आणावयाच्या, गावाचे नाव लिहिलेल्या स्वस्त डब्याही पुष्कळ निघाल्या. आपल्याकडे तीर्थक्षेत्राहून आणलेल्या करंड्याला घरात जे स्थान असते, तेच बाथसारख्या आरोग्यस्थानाहून आणलेल्या या डबीला होते. १८०५ मध्ये ट्रफॅल्गरच्या लढाईत नेल्सन पडल्यानंतर त्याच्या स्मरणार्थही डब्या निघाल्या.

डबीचे भाग पत्र्याचे ठोकून वा दाबून करीत. त्यांवर काचेची पूड व धातूंची ऑक्साइडे यांचे मिश्रण देऊन ते सु. ७५०° ते ८५०° से. तापमानास भाजीत. पांढरी अपारदर्शकता कथिलाच्या ऑक्साइडामुळे येते. तांबे व काच कमीअधिक प्रमाणात प्रसरण पावत असल्याने एकाच बाजूस थर दिल्यास तो तडकतो. म्हणून आतील बाजूसही एनॅमल द्यावे लागते. पुढे रंगांच्या वितळण्याच्या क्रमाने भाजणी करीत आणि सोनेरी काम शेवटी होई. एखादी भाजणी बिघडली, तर आधीचे सर्व श्रम वाया जात. चित्र हाताने रंगवीत किंवा छापीत. छपाईसाठी कोरीव ताम्रपटावर ऑक्साइडयुक्त शाई भरून तिचा ठसा पातळ कागदावर घेत व तो कागद डबीवर दाबून चित्र उतरवीत. त्या काळी रूपाबद्दल गाजलेल्या गनिंग भगिनींची चित्रे अशा रीतीने अनेक डब्यांवर आली.

लंडनजवळील बॅटरसी येथे यॉर्क हाउसमध्ये स्टीफन थिओडोर जॅन्सन, जॉन ब्रुक्स व हेन्री डेलामेन यांनी १७५३ मध्ये कारखाना काढला. जॅन्सन १७५४–५५ मध्ये लंडनचा लॉर्ड मेयर होता. पण १७५६ मध्ये त्याचे दिवाळे निघाले व कारखाना बंद पडला. अवघ्या तीन वर्षांच्या या कारखान्याचे नाव मात्र पुढे जवळजवळ प्रत्येक इंग्लिश डबीला चिकटले. वस्तुतः बहुतेक डब्या बर्मिंगहॅम आणि दक्षिण स्टॅफर्डशरमधील बिल्स्टन, वेन्सबरी या गावांतील आहेत. धातूच्या लहान शोभिवंत वस्तूंना तेथे ‘टॉय’ म्हणत आणि या धंद्यामुळे एडमंड बर्क याने बर्मिंगहॅमला यूरोपचे खेळण्यांचे दुकान म्हटले होते. ब्रुक्सने छपाईच्या एकस्वासाठी पहिला अर्ज १७५१ मध्ये बर्मिंगहॅमहूनच केला होता. या अर्जांवर बर्नार्ड वॉटनी व रॉबर्ट चार्ल्स्टन यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानंतर बॅटरसीच्या नावावरील अनेक वस्तू बर्मिंगहॅमकडे गेल्या. डब्यांवर सामान्यतः कारखान्याची खूण नसते. त्यामुळे विक्रेत्याने ‘बॅटरसी’ म्हटले, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. नाव बदलले, की किंमत बदलते. म्हणून हा वाद केवळ पंडिती नाही.

या छंदाला प्रतिष्ठा देणाऱ्यांत लेडी शार्लट श्रायबर (१८१२–९५) हिचे स्थान मोठे आहे. वेल्श कथांची अनुवादक म्हणून ती आधीच ख्यातनाम होती. पती चार्ल्स श्रायबर याच्यासह यूरोपभर जुन्या वस्तूंची दुकाने धुंडाळून तिने चिनी मातीची भांडी व एनॅमलच्या वस्तू जमविल्या. १८८४ मध्ये पती निवर्तल्यावर त्याच्या स्मरणार्थ तिने आपला इंग्लिश संग्रह लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयास दिला. आज तो व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयात आहे. तिची रोजनिशी १९११ मध्ये तिच्या मुलाने प्रसिद्ध केली. बिल्स्टनच्या कामाचा मोठा संग्रह वुल्व्हरहॅम्प्टनच्या कलावीथीत आहे.

मागणी वाढताच नकलाही आल्या. पॅरिसमध्ये १८४५ मध्ये स्थापन झालेल्या सॅमसन या पेढीने जुन्या चिनी मातीच्या व एनॅमलच्या वस्तूंच्या प्रतिकृती मोठ्या प्रमाणावर केल्या. नवशिक्याने प्रथम बिजागरी व धातूची कड पाहावी. झाकण एका डबीचे व तळ दुसरीचा असे जोडकाम नेहमी आढळते. आरसा पुष्कळदा नंतर बसविलेला असतो. उडालेला टवका थंड रंगाने किंवा राळेने भरलेला असल्यास तो भाग जंबुपार प्रकाशात वेगळा चमकतो. सूक्ष्म तडे हा मोठा दोष नव्हे. अगदी निर्दोष पृष्ठभाग पाहून मात्र जाणकार अधिक सावध होतात. डबी पाण्यात बुडवू नये, कारण तड्यांतून शिरलेला ओलावा खालच्या तांब्याला गंज आणतो व थर सुटतो. तापमानातील आकस्मिक फरकही तितकाच घातक.

नेत्रसुखद दिसणारे सारेच या वर्गात मोडत नाही. लिमोझ येथील बिजागरीच्या डब्या आज पुष्कळ जमविल्या जातात, पण त्या पोर्सलिनच्या असतात. त्याच गावाची मध्ययुगापासूनची एनॅमल-परंपरा प्रसिद्ध असल्याने घोटाळा होतो. इंग्लंडमध्ये मातीच्या स्वस्त भांड्यांच्या स्पर्धेपुढे लोपलेला हा व्यवसाय १९७० मध्ये लंडनच्या हॅल्सिअन डेज या पेढीने बिल्स्टनमधील कारागिरांच्या साहाय्याने पुन्हा सुरू केला. या नव्या डब्यांवर पेढीचे नाव असते.