मासा दिसतो, म्हणून पाणी दिसतं
जपानी शाईचित्र (सुइबोकुगा): काजळी आणि सरसाची कांडी दगडावर पाण्यात उगाळून केलेल्या शाईचं चित्र. चीनमधली ही रीत जपानात रुजवली ती मुख्यतः झेन भिक्षूंनी. यात पाणी बहुधा रंगवत नाहीत, तिथे कागद कोराच सोडतात; पाणी जाणवतं माशामुळे. चित्रकार जोसेत्सूचं सुमारे 1415 मधलं चित्र पाहा. शोगुन (लष्करी शासक) आशिकागा योशिमोचीने ते काढवून घेतलं. मालकी क्योतोच्या ताइझो-इन मंदिराची. काठावर भोपळा धरलेला माणूस, खाली मिशाळ कॅटफिश. प्रवाहाच्या रेषा आहेतच की, असं कुणी म्हणेल. आहेत, पण मोजक्या. माशावर बोट ठेवलं, तर उरतो जवळजवळ कागदच. चित्रावर 31 भिक्षूंच्या कविता आहेत. विषय (तसा मिश्कीलच): गुळगुळीत भोपळ्याने बुळबुळीत मासा धरायचा कसा?