वारुळावरचं औषध खरंच लागू पडलं का?

आजचा प्रश्न वरकरणी साधा आहे. मुंग्यांच्या वारुळात कीटकनाशक ओतलं आणि दुसऱ्या दिवशी मेलेल्या मुंग्यांचा खच दिसला, तर औषध लागू पडलं असं म्हणायचं का? इतक्यात नाही.

वारूळ म्हटलं की आपल्याला वाळवी आठवते. आज आपण पाहतोय ती अमेरिकेच्या दक्षिण भागातली आगमुंगी, म्हणजे फायर अँट. ही तांबडी मुंगी मूळची दक्षिण अमेरिकेतली. 1930 च्या दशकात ती अलाबामातल्या मोबाइल बंदरातून आत आली आणि कुरणांत मातीचे ढीग उभारत पसरली. 1957 साली तिथल्या केंद्र सरकारने तिच्याविरुद्ध मोहीम उघडली आणि पुरेशा चाचण्या न करताच डिल्ड्रिन व हेप्टाक्लोर मोठ्या प्रदेशावर टाकलं. पक्षी आणि इतर वन्यजीव मेले. रेचेल कार्सन यांनी 1962 च्या 'सायलेंट स्प्रिंग'मध्ये त्यावर कडक टीका केली. मुंगी मात्र आजही तिथेच आहे.

मग चाचणी करायची कशी? अडचण अशी, की राणी जमिनीत खोल असते. वरच्या कामकरी मुंग्या मेल्या तरी राणी अंडी घालत राहते. शिवाय वारुळाला धक्का लागला की वसाहत राणीसकट काही फुटांवर जाऊन नवं वारूळ करते. तिसरी गोष्ट हवामानाची. कडक उन्हाळ्यात मुंग्या खोल जातात आणि औषध न टाकताही वारुळं ओस दिसतात.

म्हणून आधी काडीने डिवचून जिवंत वारुळं निवडायची. त्यातली निम्मी, चिठ्ठ्या टाकून, तशीच सोडायची. पुढे काही आठवडे ठरावीक अंतराने तपासणी करायची आणि आजूबाजूची नवी वारुळंही मोजायची.

समजा, औषध टाकलेल्या 20 वारुळांपैकी 4 जिवंत राहिली. 80 टक्के यश! पण न हाताळलेल्या 20 पैकीही 12 च जिवंत असतील, तर 12 च्या जागी 4, म्हणजे खरा परिणाम सुमारे 67 टक्के. त्यात औषधाच्या बाजूला 5 नवी वारुळं निघाली आणि दुसऱ्या बाजूला एकही नाही, तर हिशेब 12 विरुद्ध 9 होतो. परिणाम उरला 25 टक्के.

आमिषाची चाचणी तर आणखी सबुरीची. मक्याच्या कण्यांत सोयाबीन तेल आणि मंद विष मुरवलेलं असतं. कामकरी मुंग्या ते तेल एकमेकींना भरवतात, तसं ते राणीपर्यंत पोचतं. विष जहाल असेल तर नेणारीच वाटेत मरते. त्यामुळे इथे पहिल्या दिवशी मेलेल्या मुंग्या दिसल्या नाहीत, म्हणून औषध वाया गेलं असं समजू नये.

थोडक्यात, कुठलंही औषध विकत घेताना दोन गोष्टी विचारा: तपासणी किती आठवड्यांनी केली, आणि न हाताळलेल्या वारुळांचं काय झालं?