मेनिंजिओमा आणि सीटी स्कॅनची पहिली फिल्म

मेंदूभोवती तीन आवरणे असतात. कवटीला आतून लागून असलेले जाड, चिवट आवरण म्हणजे ड्युरा. त्याखालच्या अरॅक्नॉइड या तलम आवरणातील पेशींपासून मेनिंजिओमा ही गाठ वाढते. अमेरिकी शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९२२ साली तिला हे नाव दिले. गाठ ड्युराला रुंद बुडाने चिकटते आणि बहुधा मेंदूत न शिरता त्याला बाहेरून दाबत राहते. बहुतेक मेनिंजिओमा कर्करोगाच्या नसतात. त्या सावकाश वाढतात आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे दुपटीने आढळतात.

मेंदू हळूहळू सरकून जागा करून देतो, म्हणून लक्षणे उशिरा उमटतात. चाळिशी-पन्नाशीत पहिल्यांदाच फिट येते, सकाळची डोकेदुखी हटत नाही, एका डोळ्याची नजर मंदावते. कपाळामागच्या गाठीत वास येईनासा होतो किंवा माणसाचा स्वभाव पालटतो. डोक्याच्या माथ्यावर, दोन अर्धगोलांच्या मधल्या पडद्यालगत गाठ असेल तर आधी पाय दुबळा होतो. मग कंबर आणि मणक्याच्या तपासण्यांतच महिने निघून जातात.

अशा रुग्णाची पहिली तपासणी कशी होते, हे सोलापूरच्या उदाहरणावरून पाहू. तिथले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये सुरू झाले. त्याला जोडलेल्या श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाला लोक नुसते ‘सिव्हिल’ म्हणतात. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटच नव्हे, तर धाराशिव आणि सीमेपलीकडचे विजयपूर, कलबुर्गी इथलेही रुग्ण उपचारासाठी सोलापूर गाठतात. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांत दुखणे सांगितले जाते. फिट येऊन शुद्ध हरपलेल्या किंवा अंगाची एक बाजू लुळी पडलेल्या रुग्णाची पहिली तपासणी सहसा सीटीच असते, कारण ती झटपट होते, एमआरआयपेक्षा स्वस्त पडते आणि रक्तस्राव लगेच दाखवते. त्यामुळे मेनिंजिओमाची पहिली चाहूलही बऱ्याचदा सीटीच्या फिल्मवरच लागते.

सीटीपूर्वीचा काळ रुग्णाला फार यातनांचा होता. पाठीत सुई घालून मेंदूतल्या पोकळ्यांत हवा भरायची आणि क्ष-किरण चित्र काढायचे. त्यानंतर डोके असह्य दुखे. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी इंग्लंडमधील ईएमआय कंपनीत सीटीचे यंत्र घडवले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले गेले. १९७९ मध्ये हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पहिल्या यंत्राला एका छेदासाठी काही मिनिटे लागत. आज अख्खे डोके काही सेकंदांत होते.

यंत्र क्ष-किरणांची नळी डोक्याभोवती फिरवून प्रत्येक ठिपक्याची घनता मोजते. या मोजमापाला हाउन्सफील्ड यांचेच नाव आहे. पाणी ०, हवा उणे १०००, मेंदूचा करडा भाग ४०च्या आसपास, गोठलेले ताजे रक्त ६० ते ८०, आणि दाट हाड १०००च्या घरात. इंजेक्शनाशिवायच्या साध्या सीटीत मेनिंजिओमा बहुधा मेंदूपेक्षा किंचित उजळ, कडेने रेखीव आणि कवटीला टेकलेली दिसते. सुमारे चौथ्या हिश्श्याच्या गाठींत कॅल्शियम साठलेले असते आणि ते पांढरेशुभ्र उठून येते. गाठीलगतचे हाड जाड झालेले असेल, तर संशय आणखी बळावतो. हाड आणि कॅल्शियम वाचण्यात सीटी एमआरआयहून सरस आहे. म्हणूनच या गाठीच्या बाबतीत सीटीला दुय्यम लेखणे बरोबर नाही.

धोका मात्र इथेच आहे. काही गाठींची घनता मेंदूइतकीच असते. साध्या फिल्मवर त्या मेंदूत मिसळून जातात. अशा वेळी भोवतालची सूज, पुसट झालेल्या वळ्या आणि मधल्या रेषेचे सरकणे एवढ्यावरच नजर ठरते. सीटीला पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘डोकेदुखी’ एवढेच लिहिलेले असेल तर या खुणा निसटू शकतात. ‘सहा महिन्यांपासून उजवा पाय दुबळा’ असे लिहिले असेल तर रेडिओलॉजिस्ट नेमकी जागा पुन्हा पाहतो. डॉक्टरांनी चिठ्ठीवर खर्च केलेली दोन ओळींची शाई वाया जात नाही.

शंका आली की शिरेतून आयोडिनयुक्त औषध देऊन कॉन्ट्रास्ट सीटी करतात. मेनिंजिओमाला भरपूर रक्तपुरवठा असतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांत औषध बाहेर झिरपू न देणारी जी आडकाठी असते ती तिच्या वाहिन्यांना नसते. म्हणून ती सगळीकडून एकसारखी, झगझगीत उजळते. इंजेक्शनपूर्वी मूत्रपिंडाचे काम कळावे म्हणून रक्तातील क्रिएटिनीन पाहतात. मूत्रपिंडाचा विकार, पूर्वीची ॲलर्जी, मधुमेहासाठी चालू असलेले मेटफॉर्मिन हे सारे सांगणे आवश्यक असते. डोक्याच्या एका साध्या सीटीत सुमारे २ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी जवळपास तेवढाच मिळतो.

उजळणारी प्रत्येक गाठ मेनिंजिओमा नसते. आपल्याकडे फिट येण्यामागे क्षयाची गाठ आणि फीतकृमीच्या अळीची गाठ ही नेहमीची कारणे आहेत. त्या बहुधा लहान असतात, मेंदूच्या आत असतात आणि कडेने कड्यासारख्या उजळतात. परंतु ड्युरावर पसरलेला क्षय किंवा स्तनाच्या कर्करोगाचे ड्युरावर आलेले बीज हुबेहूब मेनिंजिओमासारखे दिसू शकते. शेवटचे निदान काढलेल्या गाठीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीनेच होते. मोठ्या शिरांशी आणि डोळ्यांच्या नसांशी गाठीचे नाते पाहायला शस्त्रक्रियेआधी एमआरआय लागतोच.

प्रत्येक मेनिंजिओमा कापावीच लागते असेही नाही. लहान, कॅल्शियम भरलेली, त्रास न देणारी गाठ ठराविक अंतराने स्कॅन करून नुसती नजरेखाली ठेवतात. कॅल्शियम असलेल्या गाठी साधारणपणे अधिक मंद वाढतात. गाठ वाढली की नाही हे ठरते जुन्या फिल्मशी ताडून पाहूनच. म्हणून घरातल्या माणसाचा डोक्याचा सीटी कधीही झाला असेल, तर त्याची फिल्म आणि सीडी रद्दीत जाऊ देऊ नये. पुढच्या प्रत्येक तपासणीला ती सोबत न्यावी.