कोयनेच्या पाण्याच्या दोन वाटा

कोयनेच्या शिवसागर जलाशयातलं पाणी दोन दिशांना जाऊ शकतं. पश्चिमेला वळवलं तर ते सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीकडे कोसळतं, खाली कोळकेवाडीला पुन्हा वीज देतं आणि अवजल होऊन वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. पूर्वेला सोडलं तर पायथा वीजगृहात थोडीशी वीज करून कऱ्हाडला कृष्णेत येतं. कऱ्हाडच्या खाली, टेंभूला, पंप तेच पाणी टप्प्याटप्प्याने उचलून खानापूर, आटपाडी, सांगोल्याच्या माळांवर नेतात. एका वाटेने गेलेलं पाणी वीज देतं, दुसऱ्या वाटेने गेलेलं वीज मागतं आणि पीक देतं.

हा झगडा जुनाच. १९२१ साली मुळशीत सेनापती बापटांनी सत्याग्रह उभारला तो मुंबईच्या विजेसाठी भातखाचरं बुडणार होती म्हणून. खाचरं बुडालीच.

कोयनेची साठवण १०५ टीएमसी, वीजनिर्मितीची क्षमता १,९६० मेगावॉट. कृष्णेचं पाणी वाटणाऱ्या बच्छावत लवादाच्या १९७६ च्या निवाड्याने पश्चिमेला वळवायला ६७.५ टीएमसी पाणी ठरवून दिलं. दुष्काळी तालुक्यांत गेलात की ‘आमचं पाणी समुद्रात सोडता’ हे ऐकावं लागतंच. राग रास्त आहे, पण पश्चिमेचं दार कायमचं बंद करा ही मागणी मला पटत नाही. सूर्य मावळल्यावर घराघरांतले दिवे एकदम लागतात, तेव्हा मिनिटांत सुरू होणारी वीज कोयना देते. सौरऊर्जा वाढेल तशी या संध्याकाळच्या विजेची किंमत वाढतच जाणार. भरल्या सालात पश्चिमेला, तुटीच्या सालात पूर्वेला, असा सरकता हिशेब मात्र आधीच ठरवून जाहीर व्हायला हवा. दुष्काळ दारात आल्यावर बैठका घेऊन तो ठरत नाही.

पूर्वेला पाणी आलं तरी प्रश्न सुटत नाही, कारण उपशाचं बिल कोणालातरी भरावं लागतं. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना थकबाकीपायी अडल्या. मग ८१ टक्के बिल सरकारने आणि १९ टक्के शेतकऱ्याने, असा तोडगा निघाला. एवढं महागडं पाणी डाळिंबाला ठिबकने दिलं तर समजू शकतो. पाटाने उसाला सोडलं की हिशेब कोलमडतो. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने सांगून ठेवलंय : राज्यातल्या पिकांखालच्या जमिनीपैकी चार टक्क्यांहून कमी जमिनीवरचा ऊस सिंचनाचं जवळजवळ ७० टक्के पाणी पितो. आणि ऊस आता नुसती साखर राहिला नाही, पेट्रोलमध्येही गेला. पाऊस कमी झाला म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले, तेव्हा पाऊस, साखर आणि इंधन एकाच परिपत्रकात आले.

तिकडे मराठवाड्यात २०१५ मध्ये पाण्याअभावी परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद पडलं. पुढच्याच एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. तरीही २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे. सौर फीडरमुळे रात्री-अपरात्री दारं धरण्याचा जाच टळतो, हे मोठंच काम. पण फुकट विजेवर मोटर बंद करायचं कारण उरत नाही आणि विहिरीचा तळ काही फुकटात भरत नाही.

हिवरे बाजारने हे केव्हाच ओळखलं. पोपटराव पवारांच्या या गावात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात, त्यावरून पिकं ठरतात. शेतीसाठी बोअरला बंदी, ऊस-केळीलाही बंदी. हे एका गावाला जमलं कारण हिशेब एका ग्रामसभेत होतो. राज्यात पाणी जलसंपदा खात्याकडे, वीज ऊर्जा खात्याकडे, पीक कृषी खात्याकडे आणि कारखाना सहकार खात्याकडे.

मोफत वीज द्यायचीच असेल तर त्या फीडरखालच्या गावांनी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडावा, एवढी एक अट सरकारने घालावी. पुढच्या निवडणुकीत मतं मागायला येणाऱ्यांना वाचकांनी या अटीबद्दल जरूर विचारावं.