आभाळातून पडलं तर भरपाई कोण देणार?



२ एप्रिल २०२२ चा गुढीपाडवा बऱ्याच जणींना आठवत असेल. रात्री पावणेआठच्या सुमारास आभाळातून पेटते तुकडे एका ओळीत सरकत गेले. विदर्भात ठिकठिकाणी लोक अंगणात येऊन वर पाहत राहिले. कुणी म्हणालं उल्का आहे, कुणी म्हणालं विमान पेटलं. मग चंद्रपूर जिल्ह्यातून बातमी आली. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची भली मोठी रिंग पडली होती, जवळपास तीन मीटर व्यासाची. आसपासच्या गावांत धातूचे गोळेही सापडले. इस्रोचे शास्त्रज्ञ पाहणीला आले. चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चांग झेंग ३बी रॉकेटचा हा भाग असावा, असं जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञांनी सांगितलं.

कुणाला इजा झाली नाही. पण सिंदेवाही आपल्यासारखंच आहे, तीच धानाची बांधी आणि तेच मोहाचं रान. एप्रिल म्हणजे मोहफुलं वेचायचे दिवस. त्या दिवसांत आपण बाया पहाटेच्या अंधारात टोपली घेऊन झाडाखाली असतो. ती रिंग एखाद्या घरावर, गोठ्यावर पडली असती तर भरपाई कुणाकडे मागायची?

याला उत्तर आहे, आणि ते पन्नास वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं आहे. १९६७ साली देशादेशांत अंतराळाचा करार झाला आणि १९७२ साली नुकसानभरपाईचा वेगळा करार झाला. भारत, चीन, अमेरिका, तिघंही दोन्ही करारांत आहेत. १९७२ चा करार म्हणतो की अंतराळात सोडलेली वस्तू जमिनीवर पडून कुणाचा जीव गेला, इजा झाली किंवा मालमत्तेचं नुकसान झालं, तर ती सोडणाऱ्या देशाने भरपाई द्यायची. त्याची चूक होती हे आपण सिद्ध करायची गरज नाही. वस्तू त्याची आणि नुकसान आपलं, एवढं दाखवलं की पुरे.

मात्र आपण थेट चीनला अर्ज करू शकत नाही. मागणी आपलं सरकार त्यांच्या सरकारकडे करतं, आणि तीही एका वर्षाच्या आत. हे वर्ष नुकसान झालेल्या दिवसापासून किंवा वस्तू कुणाची हे कळल्यापासून मोजतात. १९७८ साली रशियाचा, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघाचा, अणुभट्टी असलेला कॉसमॉस ९५४ हा उपग्रह कॅनडाच्या बर्फाळ, ओसाड भागात कोसळला. कॅनडाने साफसफाईच्या खर्चापोटी सुमारे साठ लाख कॅनेडियन डॉलर मागितले. तीन वर्षांनी तीस लाखांवर तडजोड झाली. निम्मे का होईना, पण मिळाले.

तेव्हा रॉकेट फक्त सरकारं सोडत होती. आता कंपन्या सोडतात, आणि पैसेवाल्यांना अंतराळाची सैरही घडवतात. २००१ साली डेनिस टिटो हे अमेरिकी उद्योजक स्वतःच्या खिशातून पैसे भरून अंतराळ स्थानकावर राहून आले. २०२१ मध्ये व्हर्जिन गॅलॅक्टिक आणि ब्लू ओरिजिन या कंपन्यांचे संस्थापक स्वतःच आपापल्या यानात बसून वर गेले. व्हर्जिनने नंतर तिकीट साडेचार लाख डॉलरला विकलं. म्हणजे साडेतीन कोटींच्या वर, आणि वजनहीन तरंगायला मिळतं काही मिनिटं! हौसेला मोल नाही म्हणतात, पण इथे तर चांगलंच मोल आहे. मे २०२४ मध्ये गोपी थोटाकुरा ब्लू ओरिजिनच्या यानातून जाऊन आले. ते भारताचे पहिले अंतराळ पर्यटक.

मग कंपनीचं यान कुणाच्या घरावर पडलं तर? इथे आपल्या बचत गटाचा हिशेब लावून पाहा. बँक कर्ज गटाला देते. एका बाईचा हप्ता थकला तरी बँक गटालाच विचारते. तसंच, १९६७ चा करार म्हणतो की खासगी कंपनीने अंतराळात जे केलं त्याची जबाबदारी तिच्या देशाची. देशाने तिला परवानगी द्यायची, तिच्यावर नजर ठेवायची आणि नुकसान झालं तर जगाला उत्तर द्यायचं. कंपनीकडून वसुली कशी करायची, हे देशाने आपल्या नियमावलीत ठरवायचं. अमेरिकेत कंपनीला तिऱ्हाईत लोकांच्या नुकसानीसाठी विमा काढावा लागतो.

आत बसलेल्या पर्यटकाची गोष्ट वेगळी. या यानाच्या सुरक्षिततेची हमी सरकारने दिलेली नाही, असं त्याला तिथे लेखी सांगतात आणि त्याची सही घेतात. १९७२ च्या करारातही उड्डाणात सामील झालेल्या परदेशी माणसाला भरपाई नाही. तो जाणूनबुजून बसला आहे. मोह वेचणारी बाई जाणूनबुजून बसलेली नाही, हा फरक कायद्याने केला ते आम्हांला रास्त वाटतं.

पण एक भोक राहिलं आहे. सोडणाऱ्या देशाच्या स्वतःच्या नागरिकांना हा करार लागू नाही. चीनची रिंग आपल्या गोठ्यावर पडली तर करार आपल्या बाजूने. भारतीय रॉकेटचा तुकडा पडला तर करार गप्प, मग आपल्याच देशातला कायदा पाहायचा. आणि भारतात खासगी रॉकेटं सुरू झाली आहेत. हैदराबादच्या स्कायरूट कंपनीचं विक्रम-एस नोव्हेंबर २०२२ मध्ये उडालं. परवानगी इन-स्पेस ही सरकारी संस्था देते, २०२३ मध्ये अंतराळ धोरणही आलं. पण धोरण म्हणजे संसदेने केलेला कायदा नव्हे. तसा स्वतंत्र कायदा अजून झालेला नाही. गट सुरू झाला, कर्जही वाटलं, आणि नियमावली लिहायची राहिली, असं हे चाललं आहे. खासदार ग्रामसभेला किंवा मेळाव्याला आले की रस्ता-पाण्यासोबत हाही प्रश्न विचारायला हरकत नाही.

तोवर आपल्या हातातलं काम पंचनाम्याचं. बांधीत, बोडीकाठी किंवा रानात असलं काही दिसलं तर हात लावू नका, पोरांनाही जवळ जाऊ देऊ नका. काही रॉकेटांचं इंधन विषारी असतं, आणि गोळा म्हणजे गॅस भरायची टाकी असू शकते. भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका, कारण वस्तू गेली की पुरावा गेला. शिवाय १९६८ च्या करारानुसार ती वस्तू ज्या देशाची, त्याने मागितली तर परत द्यावी लागते. पोलीस पाटलांना आणि तलाठ्याला लगेच कळवा. लांबूनच मोबाइलवर फोटो काढा. तुटलेली कौलं, मेलेलं जनावर, जळालेलं झाड, सगळं फोटोत येऊ द्या. पंचनाम्यात तारीख आणि वेळ नीट लिहिली आहे ना, ते सही करण्याआधी वाचून घ्या आणि एक प्रत मागून ठेवा.